शांत केलेला साप

मित्रांनो, मी एक साप आहे. दचकू नका, मला विष नाही. तुमच्याकडच्या धामणीच्या लांबच्या नात्यातला मी. लहानपणी आमच्या अंगावर तपकिरी पट्टे असतात, त्यामुळे माणसांना आम्ही मामुशी वाटतो. मामुशी हा आमच्याकडचा साप मात्र खरोखर विषारी. वय वाढलं की ते पट्टे विरून जातात. माझे अजून गेलेले नाहीत, म्हणजे मी तसा पोरच आहे. पण माझ्यावर जे गुजरलं, त्यानं मी आतून कधीच म्हातारा झालो.

जपानमधल्या हिमेजी शहरातल्या छप्पर घातलेल्या बाजारपेठेत कुरामोतो नावाच्या माणसाचा कॅफे आहे. लोक तिथं कॉफी पितात आणि पिता पिता साप हातात घेतात. एका कापडी पिशवीतून मला तिथं आणलं आणि काचेच्या पेटीत सोडलं. पेटीला चारही बाजूंनी काच. वरून दिव्याचा झोत. लपायला ना दगड, ना पान. समोरून सारखी तोंडं यायची, बोटं काचेवर टकटक करायची. लपता येत नसेल तर सापानं काय करावं? मी अंगाची वेटोळी आवळायचो, शेपटी थरथरवायचो आणि काचेवर झेप घ्यायचो. झेपा घेऊन घेऊन माझं नाकाड सोलून निघालं. लोक मात्र खूश व्हायचे.

"बघ बघ, कसा भडकलाय! अजून एकदा वाजव काच!"

मी भडकलेलो नव्हतो, मित्रांनो. मी भ्यालो होतो. माणसांना हे दोन्ही एकसारखंच दिसतं.

"हा पोरगा लईच तापट निघाला," कुरामोतो म्हणाला. "असला साप टेबलावर कसा ठेवायचा?"

"मालक, तो तापट नाही. घाबरलाय बिचारा." हे बोलली चिगुसा. ती तिथं नुकतीच कामाला लागली होती. डोंगरातल्या गावाकडची मुलगी, शहरात एकटी राहायची. "माझ्याकडे द्या त्याला थोडे दिवस. आणि तोवर कुणी हात लावायचा नाही. तुम्ही पण नाही."

"मी पण नाही? दुकान कुणाचं गं?"

"दुकान तुमचं. साप माझा."

साप माझा. हे शब्द मी जपून ठेवले.

तिनं माझी पेटी मागच्या खोलीत नेली. तीन बाजूंना जुनी वर्तमानपत्रं चिकटवली. कड फुटलेला भाताचा वाडगा उपडा घातला. फुटलेल्या जागेतून मी आत शिरलो आणि जन्मात पहिल्यांदा माझ्या अंगाला सगळीकडून काहीतरी टेकलं. किती बरं वाटलं म्हणून सांगू! मग तिनं स्वतःचा वापरलेला हातरुमाल आत ठेवला आणि निघून गेली. पुढं कितीतरी दिवस तिनं मला बोट लावलं नाही. पाणी बदलायची, उंदराचं पिल्लू ठेवायची, जायची. मी जिभेनं तो रुमाल चाचपायचो. साबण, भाजलेला चहा आणि तिचा घाम. त्या वासानं काही वाईट होत नाही, हे मला हळूहळू पटलं.

मग एक दिवस तिचा हात आत आला. तो वरून आला नाही, कारण वरून तर घार येते. तो बाजूनं, जमिनीलगत आला आणि उताणा पडून राहिला. मी फुत्कारलो. हात हलला नाही. मी झेप घेऊन चावलोसुद्धा, तरी तो मागं गेला नाही.

"झालं समाधान?" ती हसून म्हणाली. "माझी काही घाई नाही हं. बस तू."

असं रोज चाललं. अखेर एके दुपारी मीच तिच्या मनगटावर चढलो. ऊबदार होतं ते. आतली नाडी माझ्या पोटाला लागत होती. ती श्वास रोखून बसली आणि मग अगदी हळू म्हणाली, "हिमो." हिमो म्हणजे दोरी. ते माझं नाव झालं. त्यानंतर मी तिच्या बाहीत झोपायला लागलो. जेवणाच्या सुट्टीत ती भाताचे गोळे खायची आणि मला घरच्या गोष्टी सांगायची. मला कान नाहीत, पण तिचा आवाज मला तिच्या हाडांतून ऐकू यायचा.

कुरामोतोनं हे पाहिलं आणि टाळी वाजवली. "वा! उद्यापासून टेबलावर."

"एवढ्यात नको, मालक."

"मग माणसाळवलास कशाला? बाहीत घालून मिरवायला?"

ती गप्प बसली. मित्रांनो, त्या गप्प बसण्याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही. मी तिचा नव्हतोच. मला शांत करणं हे तिचं काम होतं, आणि ते तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

तरी टेबलावर ती माझ्याजवळ उभी राहायची. पोट भरलेलं असेल तेव्हा मला बाहेर काढू द्यायची नाही. तिचा वास आसपास आहे म्हणून मी परक्या हातांतही निमूट राहायचो. लोक माझं कौतुक करायचे. किती शहाणा, किती मऊ! तापट म्हणून ज्याची हेटाळणी झाली, त्याचे आता फोटो निघत होते.

मे महिन्यातल्या सुट्ट्या आल्या. बाजारपेठेत पाय ठेवायला जागा नव्हती. नेमका त्याच वेळी मी कात टाकायला आलो. तेव्हा आमचे डोळे दुधाळ होतात, सगळं धुक्यात गेल्यासारखं दिसतं आणि अंगाला स्पर्श नकोसा होतो. चिगुसानं सकाळीच माझे डोळे पाहिले. "आज तू झोप रे," म्हणून पेटीवर फडकं टाकलं.

दुपारी कुरामोतो आत आला. "हिमो कुठंय? लोक त्यालाच विचारतायत."

"आज त्याला नको काढायला."

"चिगुसा, नवीन दुकान निघतंय. तिथं तुलाच प्रमुख करीन म्हणतोय मी. आणि तू मला नको म्हणतेस?"

मग फडकं सरकलं. हात आत आला, बाजूनं, जमिनीलगत, साबण आणि चहाच्या वासाचा. मला दिसत नव्हतं. मी त्या हातावर चढलो.

त्याच हातानं मला टेबलावर ठेवलं आणि तो गेला. कुणीतरी म्हणालं, "ओगाता, धर की! फोटो काढतो." धुक्यातून, वरून, एक मोठी सावली आली आणि माझी मान आवळली गेली. मी चावलो. किंकाळ्या उठल्या. "मामुशी! मामुशी!" कप फुटले.

गर्दी ओसरल्यावर कुरामोतोनं मला वर धरून विचारलं, "हा कात टाकायला आला होता का? खरं सांग."

ती माझ्यापासून हातभर अंतरावर उभी होती.

"नाही," चिगुसा म्हणाली. "तो मुळातच तसा आहे."

त्यानंतर माझ्या पेटीवर 'चावतो' अशी पाटी लागली. वाडगा दुसऱ्या सापाला दिला. मला लोखंडी आकड्यानं उचलायला लागले. "असला साप कोण नेणार? संपवावाच लागेल," असं कुरामोतो फोनवर म्हणाला, तेव्हा चिगुसा शेजारीच कप विसळत होती. तिचे हात थांबले. मग पुन्हा विसळू लागले.

मला वाचवायला आला तो ओगाता. ज्याला मी चावलो तोच! बस चालवणारा थोराड माणूस, अंगठ्याला पट्टी आणि हातात मिठाईचा खोका. त्यानं कमरेत वाकून माफी मागितली.

"मित्रानं काढलेला फोटो मी जनावरांच्या डॉक्टरांना दाखवला. म्हणाले, याचे डोळे बघा, आंधळा होता तो तेव्हा. आणि मी वरून मान पकडली. चूक माझी. त्याला मी घरी नेऊ का?"

"छे हो! मुळातच चिडका आहे तो," कुरामोतो म्हणाला. "विचारा हिला."

दोघांनी चिगुसाकडे पाहिलं. मीही पाहिलं. आता तरी सांगेल, असं मला वाटलं. मित्रांनो, मी खरंच वाट पाहिली.

"पाणी रोज बदला," ती म्हणाली आणि आत निघून गेली.

ओगातानं मला घरी आणलं. त्याची आई फुसाए दारातच कडाडली, "साप? लग्न करून बायको आण म्हटलं, तर तू साप आणलास?"

"अगं, भ्यालाय तो."

"आणि मी काय नाचतेय?"

पण संध्याकाळी तिनंच पेटीभोवती जुनी चादर गुंडाळली आणि आत एक पुठ्ठ्याचा खोका ठेवला. आता ती पेटीशेजारी बसून वाटाणे सोलते आणि लेकाच्या नावानं बडबडते.

मित्रांनो, भित्र्या जिवाला शांत करायचं असेल तर त्याला लपायला जागा द्या, वेळ द्या, आणि हात नेहमी बाजूनं न्या. हे सगळं चिगुसाला येत होतं. तिच्याइतकं कुणालाच येत नव्हतं. म्हणून माझं एवढंच मागणं आहे, की शांत केल्यावर त्या जिवाला टाकू नका. तो जेव्हा तुमच्या हातावर निजतो, तेव्हा त्यानं आपली सगळी हत्यारं खाली ठेवलेली असतात.

काल ओगातानं पेटीचं झाकण उघडलं आणि हात आत ठेवला. उताणा, जमिनीलगत. डॉक्टरांनी शिकवलं असावं.

"येतोय का?" आईनं विचारलं.

"नाही."

"मग राहू दे. त्याचं त्याला ठरवू दे."

हात बराच वेळ तिथंच होता. चांगला हात होता. मी खोक्यातून त्याच्याकडे बघत राहिलो, आणि बाहेर गेलो नाही.