चारशे एमबीची आत्या

मराठीत मावशीच्या बाजूने म्हण आहे, आत्याच्या बाजूने नाही. माय मरो पण मावशी जगो. आणि आत्याच्या वाट्याला काय, तर मिशा! आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं म्हणे. इतकी वर्षं मी हे ऐकून सोडून दिलं होतं. पण माझी भाची अटलांटाला जन्माला आली आणि तिच्या मावशीने तिला माझ्याआधी पाहिलं, तेव्हापासून मला ते झोंबायला लागलं.

ही दोन हजार सातच्या मे महिन्यातली गोष्ट. प्रफुल्ल माझा धाकटा भाऊ, अकरा वर्षांनी लहान. आई गेली तेव्हा तो नववीत होता, बाबा त्याच्याही आधी गेलेले. नौपाड्यातल्या एका डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पेशंटांना नंबर द्यायची नोकरी करून मी त्याला शिकवलं. त्यात माझं लग्न राहिलं ते राहिलंच. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण दिवसभर लोकांना नंबर देणाऱ्या बाईला आयुष्यात एकदा तरी स्वतःचा नंबर पहिला लागावा असं वाटणारच.

प्रफुल्लची बायको संचिता डोंबिवलीची. बाळंतपणासाठी तिची आई तिकडे गेलेली, आणि डोंबिवलीच्या घरी तिचे वडील परशुरामकाका आणि धाकटी बहीण क्षिप्रा. त्या घरात ब्रॉडबँड होतं. मूल तीन दिवसांचं होतं तेव्हा क्षिप्राने ते वेबकॅमवर पाहिलं आणि लगेच मला फोन केला.

"मालनताई, नाक अगदी आमच्या आईचं आहे हो!"

"हो का? छान," मी म्हटलं. अंगाचा नुसता तिळपापड झाला.

कारण माझ्याकडे होतं डायल-अप. फोनची वायर कॉम्प्युटरला जोडायची, मग मॉडेम बराच वेळ किरकिर करणार, आणि तेवढा वेळ फोन एंगेज. प्रफुल्लने मलाही फोटो पाठवला होता. तो वरून खाली एकेक रेघ उतरत होता. आधी हॉस्पिटलची भिंत, मग जावळ, मग कपाळ. अर्ध्या तासात भुवयांपर्यंत आला आणि लाइन तुटली. नाक त्यांच्याकडचं की आमच्याकडचं, हे मला कळायला मार्गच नव्हता.

आठवड्याने प्रफुल्लचा फोन आला. "ताई, बारसं तिसऱ्या रविवारी करतोय. तुमच्याकडे संध्याकाळचे साडेसहा, आमच्याकडे सकाळचे नऊ. कानात नाव तूच सांगायचंस. आणि नावही तूच ठरव, संचिताला चालणार आहे."

बारशाला मुलीच्या कानात आत्याने 'कुर्रर्र' करून नाव सांगायचं आणि तेवढ्यात बाकीच्या बायकांनी तिच्या पाठीत दणादण धपाटे घालायचे, हा आत्याचा मान. माझा एकुलता एक मान. मी अट घातली की त्या क्षणापर्यंत नाव कोणालाही सांगणार नाही, त्यालासुद्धा नाही. मनात होतं ते वेगळंच. ते क्षिप्राच्या कानावर आधी जाता कामा नये.

"चालेल," तो म्हणाला. "त्या दिवशी तू डोंबिवलीला क्षिप्राकडे जा. तिच्याकडे कनेक्शन चांगलं आहे."

"मी माझ्या घरातून नाव सांगणार."

"अगं, डायल-अपवर नाही जमणार ते."

"मग मी ब्रॉडबँड घेते."

"घे ना! मी कधीचा सांगतोय. क्षिप्राला विचार तिचा कुठला प्लॅन आहे. दोनशे छप्पन्नचा आहे बहुतेक, अनलिमिटेड. तोच घे, उगाच डोकं नको लावूस."

क्षिप्राला विचारायचं! प्राण गेला तरी विचारलं नसतं.

आमच्या भागात केबल आणि इंटरनेट दोन्ही भिवाशेठचं. मूळचे इथलेच. त्यांच्या वाडवडिलांची इथे शेती होती, आता तिथे बिल्डिंगी आणि त्या बिल्डिंगींवरून भिवाशेठच्या वायरी. त्यांनी माझ्यासमोर कागद ठेवला. पहिला प्लॅन दोनशे छप्पन्न केबीपीएस, अनलिमिटेड. दुसरा त्याच्या दुप्पट स्पीडचा, महिन्याला एक जीबी. तिसरा दोन एमबीपीएस, महिन्याला चारशे एमबी. पैसे तिन्हींचे जवळपास सारखेच.

"हा दोनवाला दोनशे छप्पन्नपेक्षा किती फास्ट?" मी विचारलं.

"आठपट."

आठपट! माझ्या जिवाला काय गार वाटलं म्हणून सांगू. क्षिप्राच्या आठपट. "हाच द्या," मी म्हटलं.

भिवाशेठ कागदावर बोट ठेवून म्हणाले, "ताई, नल मोठा घेताव, पन टाकी लहान हाय. चारशे संपलं का बंद. मग एक तारखेलाच पानी. नायतर हापिसात येऊन वाढवून घ्याचा. तुमाला घरी बोलाचं, बघाचं हाय ना? पयला घ्या, बारीक नल पन चोवीस तास."

"मला एकच दिवस लागणार आहे हो. मी काय सारखी बसणारे त्यावर?"

"बरा. तुमची मर्जी," ते म्हणाले आणि त्यांनी पावती फाडली.

बुधवारी वायर आली, वेबकॅम आला, आणि प्रफुल्लबरोबर चाचणीही झाली. मॉडेमची किरकिर नाही, फोन एंगेज नाही. समोर माझी भाची झोपलेली, मुठी आवळून. नाक आमच्या बाबांचं होतं. शंकाच नको.

"ताई, तुझं चित्र किती स्वच्छ येतंय गं! डोंबिवलीचं मधेमधे अडकतं," प्रफुल्ल म्हणाला. त्या रात्री मी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

इथेच थांबले असते तर बरं झालं असतं. पण परशुरामकाकांना फोटोंचं वेड. अटलांटाहून आलेला प्रत्येक फोटो, प्रत्येक व्हिडिओ ते इंटरनेटवर अल्बम करून टाकत, मूळ आकारात, जराही लहान न करता, आणि मला लिंक धाडत. डायल-अपवर मी त्या वाटेला गेले नव्हते. आता माझ्याकडे आठपट स्पीड होता. गुरुवारी दवाखान्यातून आल्या आल्या मी अल्बम उघडला.

विहीणबाई जाताना दोघींच्या वस्तू घेऊन गेल्या होत्या. क्षिप्राने पिवळं दुपटं दिलेलं, बाजारातून आणलेलं. मी लाल खणाचं टोपडं शिवलं होतं, हाताने, काजळाच्या डबीएवढ्या गोंड्याचं. मी मोजायला बसले. पिवळं दुपटं सदतीस फोटोंत. लाल टोपडं चार फोटोंत, त्यातल्या एकात ते बाळाच्या डोक्यावर नव्हतंच, खुर्चीवर पडलं होतं. मी तो फोटो मोठा करून पाहिला. खुर्चीवरच होतं. मग सगळे व्हिडिओ उतरवून पाहिले, कुठे तरी घातलं असेल म्हणून. एका व्हिडिओत तिकडच्या लॅपटॉपमधून येणारा क्षिप्राचा आवाज होता. "मावशीला ओळखलंस का? ओळखलंस?" बावीस सेकंदांत सहा वेळा मावशी. तेही मोजलं.

शुक्रवारी नवे फोटो आले, ते पाहिले. शनिवारी आणखी आले, तेही. भिवाशेठची टाकी माझ्या डोक्यातसुद्धा आली नाही. हेव्याने माणूस आंधळं होतं म्हणतात. मी तर नको तेवढं डोळे फाडून बघत होते.

रविवारी मी ठेवणीतली जांभळी साडी नेसले, केसांत गजरा माळला आणि सहा वाजताच कॉम्प्युटरसमोर बसले. प्रफुल्लने पाळण्याजवळ दोन लॅपटॉप मांडले होते, उशाशी माझा आणि पायथ्याशी डोंबिवलीचा. मी उशाशी! कानाजवळ! क्षिप्राच्या घरी शेजारपाजारच्या पंधरावीस बायका जमल्याचं प्रफुल्लने सांगितलं. जमेनात का, पायथ्याशीच जमल्यात ना. तिकडे पाळणा म्हणून झाला. संचिताने बाळाला उचललं, माझ्या लॅपटॉपजवळ आणलं आणि डोक्यावर लाल टोपडं! मी तोंड उघडलं.

आणि चित्र थांबलं. मग गेलं. त्याच्या जागी पांढरं पान आलं आणि त्यावर इंग्रजीत लिहिलेलं की आपली या महिन्याची मर्यादा संपली आहे.

माझ्या फोनवरून परदेशी फोन लागत नसे. मी भिवाशेठना फोन लावला. ते पुतणीच्या हळदीला गेलेले. त्यांनी उचलला, पण मागे डीजे इतका जोरात की त्यांना माझं एक अक्षर ऐकू येईना. "ताई, उद्या! उद्या!" एवढंच ओरडले आणि ठेवून दिला. मी त्या पांढऱ्या पानासमोर गजरा घालून बसले होते आणि मला रडू फुटलं. आता बाळाला पायथ्याच्या लॅपटॉपकडे नेतील. मावशी नाव ठेवेल. सगळ्या बायका धपाटे घालतील, तिच्या पाठीत.

फोन वाजला.

"मालनताई, फोन ठेवू नका!" क्षिप्रा होती. "तुमचं नेट गेलं ना? जिजू तुम्हाला फोन लावतायत, पण त्यांचं फोनकार्ड चालत नाहीये. तुम्ही फोनवरून बोला, मी रिसीव्हर आमच्या माइकला लावते. इथून तिकडे जाईल आवाज."

मागे एक बाई म्हणत होती, "अगं, एवढं कशाला? तूच सांग ना नाव. मावशी काय परकी आहे का?"

"नाही हो काकू. आत्याचा मान आहे तो," क्षिप्रा म्हणाली, मग मला, "ताई, तीन आकडे मोजा आणि म्हणा. मोठ्याने. मी मधे बोलणार नाही."

खोटं कशाला सांगू, त्या क्षणीही माझ्या मनात आलं की नाव सांगूच नये. तिच्याच फोनमधून जाणार, तिच्याच घरात आधी पोचणार. ज्यासाठी एवढं केलं तेच झालं. मी तीन मोजायच्या ऐवजी सात मोजले. मग डोळे मिटून ओरडले, "कुर्रर्र! उर्वी! उर्वी! उर्वी!"

फोनमध्ये खरखर झाली. मग लांबून टाळ्या ऐकू आल्या, आणि त्याहून लांबून एका तान्ह्या मुलीचं रडणं. माझ्या पाठीत धपाटा घालायला घरात कोणी नव्हतं.

तुम्हाला वाटेल, त्यानंतर माझं मन निवळलं असेल. छे! आठवडाभर माझं हेच चाललं होतं, की आता ही अख्ख्या डोंबिवलीला सांगत सुटेल, माझ्यामुळे झालं म्हणून. प्रफुल्लने फोनवर "क्षिप्राने कमाल केली हं" म्हटलं तेव्हा मी त्याला गॅसवर दूध ठेवलंय असं सांगून फोन ठेवला. क्षिप्राचा फोन आला नाही, मीही केला नाही.

एक तारखेला टाकी भरली. परशुरामकाकांची लिंक येऊन पडली होती, 'उर्वीचं बारसं, डोंबिवली', चौसष्ट फोटो. मी मोजायला बसले. या वेळी क्षिप्राच मोजायची होती. कितीदा मिरवली ते पाहू.

पहिल्या दहांत ती रांगोळी काढत होती, पेढे मांडत होती. पुढे हॉलभर बायका, सगळ्यांची तोंडं कॉम्प्युटरकडे, आणि स्क्रीनवर पाळणा, लाल टोपडं. क्षिप्रा नाही. मी पुढचा उघडला. बायका हसतायत, टाळ्या वाजवतायत. क्षिप्रा नाही. स्क्रीनवर उर्वी रडतेय, परशुरामकाकांच्या गोतावळ्यातलं प्रत्येक माणूस वाकून बघतंय. क्षिप्रा कुठेच नाही.

ती एकेचाळिसाव्या फोटोत सापडली. टेबलाखाली. त्यांच्या माइकची वायर आखूड होती, फोनची त्याहून आखूड, आणि दोन्ही एकत्र येत होत्या त्या तिथेच, सीपीयूजवळ. ती नव्या साडीत गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. माइक आणि रिसीव्हर दोन्ही हातांनी एकमेकांवर दाबून धरलेले, हॉलमधला गोंगाट आत जाऊ नये म्हणून त्यावर पदर गुंडाळलेला, आणि डोळे घट्ट मिटलेले. तिच्या डोक्यावरच्या स्क्रीनवर तिच्या भाचीचं बारसं चाललं होतं. तिने त्यातलं काहीच पाहिलं नाही. आणि मी सात आकडे मोजत बसले होते.

मला तिचा पुन्हा हेवा वाटला. इतके दिवस वाटत होता तो नव्हे. मी तिच्या जागी असते तर टेबलाखाली गेले असते का, हे मी स्वतःला विचारलं आणि उत्तर मला आवडलं नाही.

मी चौसष्टांतले उरलेले फोटो उघडले नाहीत. फोन उचलला आणि डोंबिवलीचा नंबर फिरवला.

"बोला ना, मालनताई," क्षिप्रा म्हणाली, जरा दबकतच.

काय बोलायचं ते मी ठरवलं होतं. पण तोंडातून निघालं ते दुसरंच.

"क्षिप्रा, तुझा प्लॅन कोणता आहे गं?"

"दोनशे छप्पन्न. अनलिमिटेड. का हो?"

मला ते पाठ होतं. "थांब जरा," मी म्हटलं, "लिहून घेते," आणि कागद शोधायला लागले.