भागीरथीचं खरं वजन

इस्पितळातला काटा एकशेवीस किलोवर थांबायचा. म्हणून डॉक्टर उत्तराबाईंनी दामाजीला सांगितलं, "बायकोचं वजन बाहेर मोठ्या काट्यावर करून आणा." दामाजी चेंदणीचा कोळी. त्याला मोठा काटा ठाऊक तो एकच, मासळी तोलायचा. बाजार उठल्यावर त्यानं भागीरथीला त्यावर उभं केलं.

"कोण हसला तर खाडीत बुडवीन," ती ओरडली. काळुराम तोलारानं मान खाली घालून आकडा सांगितला आणि दामाजीनं चिठ्ठी लिहून नेली.

अठ्ठ्याण्णव साल होतं. जठर लहान करायची शस्त्रक्रिया ठाण्यात तेव्हा नवीच. भागीरथीला चार पावलं चालली की धाप लागायची, निजली की श्वास अडकायचा. सहा महिने थांबून ही तारीख मिळाली होती.

शस्त्रक्रियेच्या सकाळी उत्तराबाई मंदाकिनी सिस्टरना म्हणाल्या, "एकशेपस्तीस. म्हणजे तीन तास. दुपारी हर्नियावाल्याला घेऊ."

दामाजी शेजारीच उभा होता. काट्यावर दीडशे भरले होते. पण मासळी तोलली की दहा किलोमागं एक किलो बर्फापाण्याचा सोडायचा, ही जन्माची सवय. हातानं आपोआप एकशेपस्तीस लिहिलं होतं. आता बोललं तर तारीख जाईल. नाही बोललं तर?

"बाय, चूक झाली," तो म्हणाला आणि सगळं सांगून टाकलं.

सिस्टरनी तोंडाला पदर लावला. बाई मात्र हसल्या नाहीत. खुर्ची ओढून त्याच्यापुढं बसल्या.

"बरं केलंत सांगितलंत. भुलीचं औषध वजनावर ठरतं. आणि वेळ नुसता कापण्यात जात नाही, दामाजीभाऊ. शीर सापडायला वेळ, श्वासाची नळी घालायला वेळ, टेबलावर नीट निजवायला चौघं लागतात. चरबीच्या थरातून आत पोचायचं, मग सगळं शिवत बाहेर यायचं. घाई केली की घात."

"मंग आज नाय होनार?"

"होणार. सिस्टर, हर्नियावाल्यांना उद्याची वेळ द्या. मी स्वतः बोलते त्यांच्याशी. भूलवाल्या डॉक्टरांना नवा आकडा कळवा, आणखी दोन माणसं बोलवा. आज या टेबलावर भागीरथीबाई एकट्याच."

नऊला शस्त्रक्रियेच्या खोलीचं दार बंद झालं. बारा वाजले, एक वाजला. बाकड्यावर बसलेल्या जनाबाईनं, भागीरथीच्या बहिणीनं, रडायला सुरुवात केली. "इतका वेळ! काय तरी झालंय!"

"गप बस," दामाजी म्हणाला. "वेळ लागनार, बाईंनी सांगलंय. घाई नाय करत, म्हनून लागतोय." आणि बोलता बोलता त्याचाच जीव थोडा थाऱ्यावर आला.

दोनला दार उघडलं. उत्तराबाई बाहेर आल्या. टोपीखाली केस घामानं चिकटलेले, एक हात कमरेवर.

"जागी होतेय. पाणी मागतेय, पण अजून द्यायचं नाही."

पाच तास ही बाई उभी होती, एवढंच दामाजीला दिसलं. त्यानं जनाबाईला उठवलं, खांद्यावरच्या पंच्यानं बाकडं झटकलं.

"आधी तुमी बसा, बाय. भागीरथीला मंग बघतो."