तिसरं पथ्य

अर्धशिशीसाठी डॉक्टरांनी मला तीन पथ्यं सांगितली होती: वेळेवर जेवण, वेळेवर झोप आणि चिडायचं नाही. पहिली दोन मी निमूटपणे पाळली. तिसरं मात्र घरच्यांनाच सोयीचं पडलं. मी तोंड उघडलं की ते त्याचीच आठवण करून देत.

डोकं उठलं की पडायला माझी एकच अंधारी खोली होती. तिथं मुलगा टीव्ही लावायला भिंतीला भोक पाडू लागला.

"अरे, मग मी कुठे पडू?"

"बाबा, चिडू नका. डोकं उठेल."

"उठू दे! दुखऱ्या डोक्यावर मिरे वाटतोस आणि वर मलाच पथ्य शिकवतोस? उचल तो टीव्ही!"

तो टीव्ही घेऊन गेला.

डोकं उठलंच. पण दार लावून पडायला खोली शाबूत होती.