वैशाखातली भरलेली टाकी

अन्याय झाला तो बायजी भगतवर. १९९९च्या वैशाखात, डोळखांबच्या वरच्या अंगाला असलेल्या एका पाड्यावर, ऊन डोंगरामागून वर यायच्या आत तो सुरू झाला आणि दुपारी पाहुण्यांच्या गाड्यांची धूळ खाली बसेपर्यंत पुरा झाला. हे आधीच सांगून टाकतो, कारण ज्यांच्या गौरव अंकासाठी माझ्याकडे शब्दचित्र मागितलं आहे, त्यांच्याविषयी लिहिताना बायजीचं नाव कुणीच घेणार नाही.

ते म्हणजे श्रीपाद सर. तीस वर्षं परदेशी मदतीच्या कामात घालवून ते निवृत्त होताहेत, आणि शहापुरात त्यांचा सत्कार आहे. मी धसईचा, त्यांच्या हाताखाली पाड्यापाड्यांची मोजणी करत हिंडलो. ते आठवतात ते उन्हासारखे: मार्गशीर्षातल्या सकाळी भाताच्या कापल्या खुंटांवर तिरपं उतरणारं, कुणालाच न भाजणारं कोवळं ऊन. झोपडीच्या दारात चपला काढून, आधी जमिनीला तळवा टेकवून मगच बसण्याची त्यांची ती संथ रीत. समोरचं माणूस बोलायचं थांबलं तरी त्याच्या मौनाला पुरेसा वेळ देणारी त्यांची ती किंचित कललेली मान. आफ्रिकेतल्या दोन देशांचे दुष्काळ आणि नेपाळातल्या दऱ्या त्यांच्या पायांखालून गेल्या होत्या. पाणी हा शब्द त्यांना पाच भाषांत म्हणता येई, आणि प्रत्येक भाषेत तो उच्चारताना त्यांचा आवाज ओलावत असे.

आवाज ओलावायला काय लागतं? काहीच लागत नाही.

त्या पाड्यावर सरांच्या संस्थेने एक विहीर खणली होती आणि तिच्याशेजारी तीन नळांची सिमेंटची टाकी बांधली होती. होळीनंतर विहिरीचा तळ दिसू लागायचा. झऱ्यापासून पाइप टाकायचं दुसरं काम मंजूर व्हायचं होतं, आणि त्यासाठीच पैसे देणाऱ्या देशातल्या एक बाई पाहणीला यायच्या होत्या. कोरडी टाकी दाखवायची, एवढंच पाड्याने करायचं होतं.

पाड्याने तेच केलं नाही. बायजीच्या सांगण्यावरून नऊ बायका झुंजुमुंजू होताच नदीत उतरल्या. वाळूत खणलेल्या खड्ड्यात झिरपून साचणाऱ्या पाण्याला आमच्याकडे डवरा म्हणतात. त्या डवऱ्यातून वाटीवाटीने हंडे भरत, चढण चढत, शिडीवरून त्यांनी ते पाणी टाकीत ओतलं. आम्ही पोचलो तेव्हा त्यांची लुगडी खांद्यापासून घोट्यापर्यंत भिजलेली होती आणि रानातली ती पिवळी, होरपळलेली सकाळ त्या नऊ ओल्या आकृतींभोवती थरथरत होती. मी बायजीला बाजूला घेऊन विचारलं, हा काय उपद्व्याप. तिने पदर पिळला आणि मलाच शहाणपण शिकवलं.

"देनाऱ्याला त्याचा देना सुकलेला नाय दाखवायचा रं. पावना हाय तो."

एवढं साधं होतं ते. ज्याने टाकी दिली त्याच्यासमोर ती रिकामी ठेवणं म्हणजे त्याच्या ताटातलं अन्न त्याच्यासमोर मातीत टाकण्यासारखं. हे ज्याला कळत नाही त्याने पाड्यांवर विकास करायला येऊ नये. आणि सरांना तर ते सगळ्यांत आधी कळलं. शिडीवरचे ओले पाय त्यांनी पाहिले, टाकीच्या कडेवरून ओघळलेलं पाणी बोटाने पुसलं, आणि माझ्याकडे न बघता हळूच विचारलं, "कुठून आणलं?" मी म्हणालो, डवऱ्यातून. त्यांनी चष्मा काढून पुसला, परत लावला, आणि मार्गशीर्षातल्या उन्हासारख्याच मवाळपणे म्हणाले, "आज राहू दे."

गोऱ्या बाईंनी नळ सोडला. धार लागली. बाईंचे डोळे भरून आले, बायका हसल्या, टाळ्या झाल्या. टाकीतल्या पाण्याची खोली मोजणारी पट्टी माझ्याच हातात होती. तो आकडा मीच लिहिला, आणि सरांनी त्याखाली सही केली.

परतीच्या वाटेवर ते समजावत राहिले की पाहुणा आनंदात परतला तर पुढचं काम मिळतं, अपयश दाखवलं तर संस्था गाशा गुंडाळते, खरं काय ते नंतर सवडीने कळवता येईल. मी मान डोलावली. सवड काही मिळाली नाही. भर वैशाखात नळाला पाणी असलेल्या पाड्याला पाइप कशाला, असं ठरलं आणि ते काम दुसऱ्या तालुक्यात गेलं. सर त्याच्याही आधी दुसऱ्या देशात गेले.

बायजी कुठे जाणार? आठ वैशाख ती त्याच चढणीवर आहे, आणि पाड्यातल्या बायका तिच्या हंड्यामागून विचारत असतात, "काय गो बायजे, तुझी गोरी पावनी कवा येते नळ सोडायला?" आधी ती हसून उत्तर द्यायची. आता देत नाही. लग्नघरात पाण्याचा विषय निघाला की उठून बाहेर बसते. पाड्याचं पाणी तिने घालवलं, असं पाडा मानतो. आणि वाईट हे की तीही मानते. सगळं माहीत असलेला तिसरा माणूस एका शब्दाने तिला मोकळं करू शकला असता. आमचा तो ओलावणारा आवाज.

मी पत्रकं काढली. संस्थेला तीनदा लिहिलं. उत्तर आलं की श्रीपाद सरांच्या सहीच्या अहवालात असं काही आढळत नाही. त्यांनी स्वतः कळवल्यास काम पुन्हा विचारात घेता येईल. सर परदेशातून परतल्यावर ते पत्र घेऊन त्यांच्याकडे गेलो, तेव्हा त्यांनी मला पूर्ण वेळ देऊन ऐकलं, मान तशीच कललेली, आणि म्हणाले की इतक्या जुन्या गोष्टी आता नीट आठवत नाहीत.

त्यांच्या स्मृतीतून जो दिवस वाळून गेला, तोच दिवस एका बाईच्या माथ्यावर रोज भरून चढतो आहे. काळ दोघांवरून सारखाच वाहतो, असं मला कुणी सांगू नये.

सत्काराला जाणाऱ्यांनो, हार घालायच्या आधी सरांसमोर एक कोरा कागद ठेवा आणि त्यांच्या हाताने लिहून घ्या: ती टाकी बायकांनी भरली होती, आणि मला ते माहीत होतं. खाली सही घ्या. तोवर टाळी वाजवू नका.