सुहासिनीचा टिकटिक्या

लग्न झाल्यावर लोक बायकोला महाबळेश्वरला नेतात. अनंतरावांना मात्र त्यांच्या बायकोनेच, सुहासिनीने, पाटणच्या वरच्या पठारावर नेलं, तेही बेडूक ऐकायला. बँकेतल्या माणसाने चिखलात बसून डास मारायचे आणि शेजारी बायकोने डोळे मिटून समाधी लावायची, असा तो संसार. अनंतराव कुरकुर करत गेले आणि दर पावसाळ्यात गेले. आता विश्रामबागेतल्या फ्लॅटमध्ये निवांत बसल्यावर त्यांना कळत होतं, की आयुष्यातले सगळ्यात चांगले दिवस तेच होते.

सुहासिनीने जन्मभर साप, सरडे, बेडूक अभ्यासले, पण तिचं नाव झालं ते टिकटिक्यामुळे. अंगठ्याच्या नखाएवढा झाडबेडूक. दिसायला आपल्या भाऊबंदांसारखाच. पण ह्याचा आवाज निराळा, म्हणजे ही जातच निराळी, हे तिने नुसत्या कानाने ओळखलं आणि भल्याभल्यांशी भांडून पटवून दिलं. कॉलेजात पोरं म्हणायची, बाईंच्या कानाला दुर्बीण लावलीय.

यंदा श्रावणात तिच्या जुन्या विद्यार्थिनीचा, मयूरीचा फोन आला. पठारावर रिसॉर्टचा रस्ता होणार होता. झऱ्याकाठी टिकटिक्या अजून असेल, तर तेवढा तुकडा सोडून रस्ता वळवायला अधिकारी तयार होते. मयूरी स्वतः आसामात अडकली होती आणि बैठक तोंडावर आली होती.

"बाई, तुम्ही एकदा ऐकून या. तुमचा शब्द मी तसाच पुढे ठेवते," ती म्हणाली.

दोघं गाडी करून निघाली. पूर्वी ज्यांच्या पडवीत मुक्काम असायचा, त्या हरणाबाईंनी चहा पुढे केला. "आवं बाई, लय दिसांनी आलासा. आमाला वाटलं, इसरला."

"तुम्हाला विसरेन एक वेळ, टिकटिक्याला कशी विसरेन?" सुहासिनी म्हणाली, आणि दोघी पोटभर हसल्या.

दिवस कलताना ती झऱ्याकाठच्या दगडावर डोळे मिटून बसली. अनंतराव छत्री टेकून शेजारी बसले. थोड्या वेळाने कारवीच्या झुडपांतून पहिला आवाज आला. मग दुसरा. मग सगळी कारवीच टिकटिकायला लागली. अनंतरावांना एकदम भरून आलं. एकच रेनकोट दोघांच्या डोक्यावर धरून बसलेली ती भिजलेली मुलगी त्यांना आठवली. आपण एका वेडीशी लग्न केलंय, हे त्यांना तेव्हा इथेच समजलं होतं आणि फार आवडलं होतं. त्यांनी हसून तिच्याकडे पाहिलं.

तिचा चेहरा उतरला होता.

"चला," ती म्हणाली. "संपला तो."

अनंतरावांना आधी थट्टा वाटली. पण तिने पिशवीतून मोबाइल काढला होता. "ह्याच वेळी ओरडतो तो. नुसता झरा वाजतोय. मयूरीला कळवते, नाही म्हणून."

आणि मग त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. घरी वॉशिंग मशीन काम झालं की बारीक आवाजात ओरडत राहायचं, आणि ही शेजारच्या खोलीत पुस्तक वाचत बसायची. बोललेलं सगळं तिला नीट ऐकू येत होतं, म्हणून त्यांनी कधी मनावर घेतलं नव्हतं. आता गप्प बसावं, तर कारवीवरून रस्ता जाणार. बोलावं, तर जिने ह्या कानांवर जन्म काढला, तिला ते गेले म्हणून सांगायचं. त्या क्षणी अनंतरावांना जगातला एकही बेडूक नको होता.

"सुहास, फोन ठेव," ते म्हणाले. "ओरडतायत."

"कोण?"

"सगळेच. मघापासून."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. मग उठली. "कुठं? बोट दाखवा."

त्यांनी दाखवलं. तिने अलगद पान बाजूला केलं. टिकटिक्या बसला होता आणि त्याचा गळा फुगत होता, बसत होता.

"आत्ता ओरडला?"

"हो."

"आत्ता?"

"हो."

तिच्या डोळ्यांना धार लागली होती. ती पुसायचं काही तिने मनावर घेतलं नाही. तशीच उभी राहून तिने फोन लावला. "मयूरी, आहे. भरपूर आहेत. मी डोळ्यांनी बघितला. ऐकला मात्र ह्यांनी. मला आता ऐकू येत नाही. तसंच लिही, काही झाकू नकोस." पलीकडून काहीतरी विचारलं असावं. "हो गं, आमचेच हे. बँकवाले."

फोन ठेवून ती पुन्हा दगडावर बसली.

"आता करून दाखवा," ती म्हणाली.

"काय?"

"कसा ओरडतोय ते. माझ्या डोक्यात आहे तो बरोबर आहे का, बघू दे."

अनंतरावांनी आरतीतही कधी सूर लावला नव्हता. त्यांनी आजूबाजूला कोणी नाही ना, हे पाहून घेतलं, घसा साफ केला आणि तोंडाने टिक, टिक, टिक केलं. सुहासिनीने डोळे मिटून सगळं ऐकून घेतलं.

"शेवटचा जरा लांबवा," ती म्हणाली. "तो इतकी घाई करत नाही."