कागदावरची पाच वर्षं

“‘तोंड उघड बे,’ म्हणे डॉक्टर,” बाबा सांगत होते. “मी आ केलं. त्यानं दाढा मोजल्या. म्हणे, याले तं अक्कलदाढ नाही, हा अठराचा कसा? मुकादम म्हणे, साहेब, अक्कल असती तं गिरणीत आला असता काय?”

ते तिसरी पाळी करून नुकतेच आले होते. भुवयांवर, कानांवर कापसाची लव बसलेली. तशा अंगाने आई त्यांना घरात घेत नसे, म्हणून ओट्यावरच चहा आणि ओट्यावरच गोष्ट. तेराव्या वर्षी पूर्ण मजुरीवर घेत नव्हते, म्हणून मुकादमाने कताई खात्यात त्यांचं वय अठरा लिहवलं होतं. आम्ही हे शंभरदा ऐकलं होतं.

“उमर वाढली, अक्कल तेवढीच राहिली,” आई म्हणाली. “पोरीले शाळेत जाऊ द्या आता.”

“तिची शाळा काय पळून जाते? मास्तरीण हाय ते.”

जूनपासून मी महापालिकेच्या शाळेत शिकवू लागले होते. बाबा तो शब्द कारण नसतानाही वापरत.

सदुसष्ट सालची ती सकाळ मला नीट आठवते, कारण तशी पुन्हा आली नाही. संध्याकाळी गिरणीच्या फाटकावर नोटीस लागली. कापडाला उठाव नाही, तिसरी पाळी बंद. माणसं कमी करताना पंचावन्न पूर्ण झालेली आधी. वयाबद्दल हरकत असेल त्याने दहा दिवसांत पुरावा आणावा.

कागदावर बाबा पंचावन्नचे होते. खरे पन्नास.

ताराचंदकाका त्यांच्याच गावचे, त्यांच्याच खात्यातले. बाबांपेक्षा तीन वर्षांनी मोठे, पण उशिरा भरती झालेले आणि खरं वय लिहवलेले. त्रेपन्न. ते राहणार होते, आणि त्याची त्यांना लाज वाटत होती.

“लहानू, दोन वर्षं शाळेत गेल्ता ना तू?” ते म्हणाले. “वरांड्यात बसवत होते, पण नाव तं घेतलंच असंल.”

“माही पोरगी आणते ना. मी गेलो तं मास्तर उभा नाही करत. हे बीए हाय.”

शनिवारी मी सकाळच्या एसटीने काटोलकडे निघाले. तिथून पुढे दोन कोस पायी. हेडमास्तर भले होते. त्यांनी मला खुर्ची दिली, माठातलं पाणी दिलं, लोखंडी कपाटातून जुनं दाखल-खारीज रजिस्टर काढलं. पानं पिवळी पडली होती, अक्षर मात्र सुरेख, टाकाने लिहिलेलं. गुरुजींचं बोट एकेका ओळीवरून उतरत गेलं.

“हे घ्या, सापडले. लहानू वल्द सदू.” जन्मतारीख त्यांनी मोठ्याने वाचली. एकोणीसशे सतरा. पुढच्या रकान्यात आमची जुनी जात होती. तीही त्यांनी तशीच मोठ्याने वाचली, गावाचं नाव वाचावं तशी. दारातल्या दोन मुलांनी वळून माझ्याकडे पाहिलं.

“नकलेसाठी अर्ज लिहा बाई. रजिस्टरात आहे तसंच, जातीसकट. मी सही-शिक्का मारतो. पाच मिनिटांचं काम आहे.”

मी पेन काढलं. वडिलांचं नाव लिहिलं, गाव लिहिलं. मग तो शब्द. छप्पन साली मी अकरा वर्षांची होते. पांढरा फ्रॉक घालून, बाबांचं बोट धरून दीक्षेच्या त्या लाखोंच्या गर्दीत उभी राहिले होते. तो शब्द आम्ही तिथे कायमचा सोडून आलो होतो. मला तो लिहिता आला नाही. आला नाही असं म्हणणं खोटं आहे. अक्षरं तीनच होती. मी लिहिला नाही.

कागदाची घडी घातली. “पुन्हा येते,” म्हणाले. गुरुजींनी रजिस्टर मिटलं नाही. मी कोपऱ्यावर वळले तेव्हाही ते तसेच पाहत होते.

घरी बाबा ओट्यावर उभेच होते.

“भेटला काय वं दाखला?”

“वाळवी लागली बाबा रजिस्टरले. त्या सालचं काहीच नाही राहिलं.”

त्यांनी माझ्या हातातली पिशवी घेतली. मग आईला म्हणाले, “उन्हातान्हाची गेली बिचारी. रंभा, पोरीले पाणी दे.”

अजून सात दिवस होते. रोज ठरवत होते, उद्या जाईन. पण खरा कागद आणायचा तर आधी खोटं कबूल करावं लागणार होतं. दहावा दिवस गेला.

बाबांना काढलं. धाग्याचं तुटलेलं टोक ते डोळ्याचं पातं लवेपर्यंत सांधत. त्या बोटांनी पुढे पंधरा वर्षं त्यांनी धान्याच्या आडतीत दाभण आणि सुतळी घेऊन पोती शिवली. आई बिड्या वळू लागली. घर माझ्या पगारावर चाललं आणि बाबा चारचौघांत माझं कौतुक करत. कोणी विचारलं की गिरणी का सुटली, तर हसून सांगत, “वाळवीनं खाल्ली गा माही पाच वर्षं.” लोक हसत. मी चहा घेऊन येत असे.

गेल्या एप्रिलमध्ये ते वारले. तिसऱ्या दिवशी मृत्यूची नोंद करायला मी आणि ताराचंदकाका महापालिकेच्या कचेरीत गेलो. आत गर्दी होती, पंखा बंद होता.

“मयताचं वय?” कारकुनाने विचारलं.

“लिवा, एकाहत्तर,” काका म्हणाले.

“सहासष्ट,” मी म्हणाले.

कारकुनाने मान वर केली. “एक काहीतरी सांगा ना बाई. पुरावा आहे का?”

“आहे. गावच्या शाळेत.”

काकांनी कानामागे हात धरला. तीस वर्षं यंत्रांपाशी काढलेला माणूस, त्यांना हळू बोललेलं ऐकू येत नसे. “काय म्हणते?”

“म्हटलं, पुरावा शाळेत आहे.”

“शाळेत कुठचा बाई? त्याले तं वाळवी लागली ना.”

“नाही लागली.”

“आँ?”

मागच्या रांगेतली माणसं ऐकू लागली होती. मला आवाज चढवावा लागला.

“वाळवी नव्हती लागली, काका. रजिस्टर साबूत होतं. अर्जावर जुनी जात मले माह्या हातानं लिहायची नव्हती, म्हणून मी तशीच परत आली. बाबाले मी खोटं सांगितलं.”