चार दिवसांची सुई

मी सुई आहे. कपडे शिवायची नव्हे हं, तिच्याशी माझं नातं जोडू नका! मी बोटाएवढी लांब, आतून पोकळ, माणसाच्या मणक्यांमधून पाणी काढणारी. विलायतेत जन्मले, बोटीनं आले आणि १९३६ सालापासून नागपुरातल्या एका जनाना दवाखान्यात डॉक्टर उत्तराबाईंच्या हाताखाली नोकरीला लागले. रोज उकळत्या पाण्यात आंघोळ. एवढी स्वच्छता तुमच्यापैकी कोण पाळतं, सांगा बरं!

मला बघून बायका रडायच्या. रंभाबाई कोष्टीण मात्र म्हणाली, "इतकीशी? अन् हिलेच सारे भेऊन राहिले होय?"

तेव्हाच ती मला आवडली.

वर्षापूर्वी तिच्या छातीतली गाठ कापून काढली होती. आता डोकं फुटायला आलेलं आणि एकाचे दोन दिसायचे. विणकराच्या घरात एका धाग्याचे दोन दिसले म्हणजे झालंच की! मागावर नवरा कवडू बसायचा, पण लुगड्याचा काठ रंभाबाईचा. किती धागे लाल, किती काळे, कोणता सोडायचा, सगळं तोंडपाठ. आईनं तिला शिकवलेलं आणि तिनं अजून कुणालाच नाही. सून शामला मागं लागली की म्हणायची, "बरी झाली का शिकवीन तुले."

उत्तराबाईंनी मला तिच्या पाठीत घातलं, पाणी थेंबथेंब आलं. संध्याकाळपर्यंत डोकं दुखायचं थांबलं. दुसऱ्या दिवशी ती उठून बसली, पोटभर जेवली. कवडूनं चक्क माझ्या डबीला हळदकुंकू वाहिलं. खोटं कशाला बोलू, मीही फुगले. वाटलं, मीच बरं केलं हिला!

उत्तराबाईंनी ते पाणी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं आणि कवडूला बाजूला बोलावलं. मी तिथंच टेबलावर होते. छातीतला रोग मेंदूवरच्या पडद्यांत पसरला होता. सुईनं फक्त डोक्यातला दाब उतरला होता, रोग तिथंच होता. फार तर दीड-दोन महिने, असं त्या म्हणाल्या. कवडू डोळे पुसून बायकोकडे गेला आणि म्हणाला, "बरी झाली तू. दिवाळीले घरीच राहशीन."

दिवाळी तीन महिन्यांवर होती.

रंभाबाई खूश! सुनेला म्हणाली, "काठाची काई घाई नाई वं. दिवाळी होऊ दे."

माझा नुसता संताप झाला. डोकं शांत असलेले चार दिवस मी तिला मिळवून दिले होते आणि ते ती शेजारणीशी गप्पा मारण्यात घालवत होती. मला तोंड असतं तर मी ओरडलेच असते. पाचव्या दिवशी दुखणं परत आलं.

"बाई, काहून परत आलं? खरं सांगा. याईचं तोंड पाहूनच समजते मले," कवडूकडे बोट करून रंभाबाई म्हणाली.

कवडूनं मान खाली घातली. उत्तराबाई खाटेवर बसल्या आणि त्यांनी सगळं सांगितलं. "दिवाळी दिसायची नाही, रंभाबाई. इलाज माझ्याजवळ नाही. सुईनं तीन-चार दिवस आराम पडेल. जमेल तितक्या वेळा काढीन पाणी."

ती रडली, कवडूही रडला. मग पदरानं नाक पुसून ती म्हणाली, "मंग टोचा. शामले, धागे घेऊन ये वं."

काय सांगू तुम्हाला! खाटेच्या लोखंडी दांड्यांना धागे बांधून शिकवणी सुरू झाली. शामलाचं चुकलं की, "डोये कुठं हायेत तुये?" म्हणून सासू ओरडायची आणि सगळा वॉर्ड हसायचा. दुसऱ्यांदा मी चार दिवस मिळवले. तिसऱ्यांदा दोनच. चौथ्या वेळी उकळून तयार होते, तेव्हा तिला जवळजवळ दिसत नव्हतं. शामलानं लावलेल्या काठावरून तिनं बोटं फिरवली, धागा धागा मोजला आणि डॉक्टरीणबाईंना म्हणाली, "नोका टोचू आता. पोरीले सारं आलं. त्या कोपऱ्यातल्या बाईले लागन तुमची सुई."

ती घरी गेली आणि आठ दिवसांनी कवडूच्या मांडीवर डोकं ठेवून गेली.

आता माझं टोक बोथट झालंय, माझ्या जागी नवी सुई आलीय. रोग मला बरा करता आला नाही, याचं वाईट वाटतं. तरी ताठ मानेनं निघतेय. तुमच्या घरी कुणी असं आजारी पडलं, तर त्याला खरं सांगा हो. किती दिवस उरलेत हे कळलं, तर त्यांचं काय करायचं ते त्याचं तो ठरवील.